राखेखालचा विस्तव

फार पूर्वीची गोष्ट. ओढ्याकाठी एक गाव होतं आणि गावाच्या वर एक उघडीबोडकी टेकडी होती. त्या टेकडीवर एक बाबा येऊन राहिले. बाबा लबाड नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना खरोखरच दृष्टान्त झाला होता, निदान त्यांची तशी खात्री होती. ते सांगत, "मी इथे आलो तिथपासून शंभर महिने भरले की अमावास्येला हे जग संपेल. जे या टेकडीवर असतील ते तरतील."

गावातली निम्मी माणसं घरदार सोडून टेकडीवर झोपड्या बांधून राहिली. त्यांत गावचा जोशीही होता. तरुण, एकटा जीव, तिथी-नक्षत्रं बोटांवर असलेला. शंभर महिने नेमके कधी भरतात ते काढायचं काम बाबांनी त्याच्यावरच सोपवलं आणि त्याला आपल्या हुशारीचं सोनं झाल्यासारखं वाटलं. खाली ओढ्यापलीकडच्या घरात त्याची म्हातारी आई एकटीच राहिली.

जोशाने हिशेब मांडला आणि आषाढातली अमावास्या सांगितली.

टेकडीवरच्या लोकांचा एक नेम होता. शेवटच्या दिवशी ते चुली विझवत, त्यांवर पाणी ओतत, भांडी पालथी घालत आणि धुतलेली वस्त्रं नेसून रिंगण करून बसत. उद्याच नाही तर उद्यासाठी विस्तव कशाला ठेवायचा? रिंगणातून उठायचं नाही, असाही दंडक होता.

आषाढातली अमावास्या आली तशी गेली. सकाळी कोंबडे आरवले, गाई हंबरल्या आणि टेकडीवरची पोरं भुकेने रडायला लागली. चुली तर विझलेल्या. मग काय करतात बिचारे? हातात एकेक गोवरी घेऊन, खाली माना घालून, गावात विस्तव मागायला उतरले.

"काय मंडळी, जग अजून आहे वाटतं!" गावकरी हसले. पण हसता हसता प्रत्येकाने आपल्या चुलीतला निखारा काढून दिला. विस्तवाला नाही म्हणायची त्या गावात रीतच नव्हती.

जोशी आईकडे गेला. आईच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं होतं, पण पावलांवरून तिने त्याला ओळखलं.

"आलास? मला वाटलंच. काल झोपताना राख ओढून विस्तव झाकून ठेवलाय तुझ्यासाठी. आधी बस, दोन घास खा."

"बसायला वेळ नाही, आई. हिशेबात कुठे चुकलं ते शोधायचंय."

"शोध बाबा. पण पाडव्याला तेवढा ये हं. तुझे वडील गेल्यापासून नव्या वर्षाचं पंचांग तूच वाचून दाखवायचास. या साली कोणी वाचलंच नाही. पाऊसपाणी कसं, पीक कसं, काही कळलं नाही बघ."

जोशाला हसू आलं. जग संपायला निघालं होतं आणि आईला पुढच्या वर्षाच्या पावसाची पडली होती! गोवरीवर निखारा घेऊन तो भरभर वर गेला.

चूक त्याला सापडली. खरं म्हणजे चूक शोधणाऱ्याला ती सापडतेच, फक्त जिथे असते तिथे तो बघत नाही. "बाबा, मी अधिक महिनेही मोजले," तो म्हणाला. "मलमासात आपण मुंजसुद्धा करत नाही, मग देव तो हिशेबात कसा धरेल?" सगळ्यांना पटलं. पुढची तारीख आश्विनातल्या अमावास्येची निघाली.

ती नेमकी दिवाळीतली. खाली गावात दारोदार पणत्या लागल्या आणि वर टेकडीवर चुलींवर पाणी पडलं. सकाळी पुन्हा गोवऱ्या घेऊन रांग उतरली. या वेळी गावकरी हसलेसुद्धा नाहीत. मुकाट्याने विस्तव दिला, वर चार करंज्याही दिल्या. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

आई आता भिंतीला धरून चालत होती. तिने चाचपडत चिमटा शोधला, राख बाजूला केली आणि लाल निखारा गोवरीवर ठेवला. तिचं बोट भाजलं तरी तिने हूं की चूं केलं नाही.

"तेल लावते डोक्याला, घडीभर बस," ती म्हणाली. "दिवाळीचं तेल चुकलं तुझं."

"आई, तूच चल वर. मग रोज बसू."

"मी नाही यायची रे. तुझ्या वडिलांची चूल आहे ही, विझवायची कशी? तूच ये. गुढीपाडव्याला एकदा येऊन पंचांग वाच, म्हणजे झालं. तेवढं एक वर्ष ऐकलं की माझं काही मागणं नाही."

"पाडव्याला नक्की," जोशी म्हणाला. तो खोटं बोलला नाही. त्याने मनाशी विचारच केला नव्हता.

टेकडीवर पुन्हा हिशेब झाला. बाबा आले ते मौन धरूनच आले होते. मग ते पहिला शब्द बोलले तेव्हापासून मोजायला नको का? जोशाने मौनाचे महिने पुढे टाकले आणि फाल्गुनातली अमावास्या काढली. वर्षाचा शेवटचा दिवस. सगळे म्हणाले, "बरोबर! वर्षाबरोबरच जग संपणार. आपल्याला आधीच कसं सुचलं नाही?" जोशाचा जयजयकार झाला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच पाडवा आहे, हे त्याच्या ध्यानात आलं, पण तो पाडवा आता येणारच नव्हता. दिलेला शब्द आपोआप फिटला, असं त्याला वाटलं.

फाल्गुनातली ती अमावास्या उजाडली. चुली विझल्या, भांडी पालथी झाली, रिंगण बसलं. दिवस कलला तेव्हा आईची शेजारीण धापा टाकत टेकडी चढून आली. रिंगणाबाहेरूनच तिने हाक मारली.

"जोशीबुवा, चला लवकर! आईचं काही खरं नाही. सारखं तुमचंच नाव घेताहेत."

जोशी अर्धवट उठला. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. शेजारचा म्हणाला, "आता उठलात तर आमचं काय? तारीख तुमची आहे. तुमचाच विश्वास नाही?"

आईचं घर दिसत होतं तिथून. ओढा ओलांडला की घर. दिवेलागणीच्या आत पोचला असता.

जोशी खाली बसला. "तिला सांगा," तो म्हणाला, "उद्या आपण सगळे वरच भेटणार आहोत. फक्त एक रात्र."

शेजारीण पदराने तोंड पुसत उतरून गेली.

सकाळ झाली. गावात घरोघर गुढ्या उभ्या राहत होत्या. जोशाने गोवरी उचलली आणि कोणासाठी न थांबता पळत सुटला. आईच्या दारात गुढी नव्हती. दारात बायका बसल्या होत्या आणि अंगणात तुळशीसमोर आई निजवलेली होती.

हातातली गोवरी तशीच राहिली. त्याला रडूही फुटेना.

"काल सांजेला गेल्या," शेजारीण म्हणाली. "तुमचा निरोप सांगितला मी. हसल्या. म्हणाल्या, 'उद्या भेटणार म्हणतो ना, मग सकाळी विस्तव न्यायला येईल तो. चुलीवर राख ओढून ठेव गं, विझू देऊ नकोस.' मी ओढली. मग त्यांनी पंचांग उशाशी मागून घेतलं."

नवं कोरं पंचांग होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. दिसत नसल्यामुळे कुंकू जरा कडेला पडलं होतं.

जोशी चुलीपाशी गेला. राख सारली. खाली निखारा लालबुंद होता, तिने म्हटलं होतं तसाच. मग गावातल्या जाणत्या माणसाने त्याच्यापुढे नवं मडकं धरलं आणि तोच विस्तव त्यात भरून घ्यायला सांगितला. चूल पेटवायला विस्तव मागायला आलेला मुलगा ते मडकं हातात धरून आईच्या पुढे चालायला लागला.

सुतकाचे दिवस सरल्यावर टेकडीवरची माणसं त्याला शोधत आली. "जोशीबुवा, चूक सापडली का? पुढची तारीख कोणती?"

"चूक सापडली," जोशी म्हणाला. "फाल्गुनातल्या अमावास्येला जग संपलंच. माझ्या आईचं. ते टेकडीवरून दिसत होतं आणि मी उठलो नाही."

काही जण ते ऐकून घरी परतले. काही पुन्हा वर चढले. त्यांना दुसरा कोणीतरी हिशेब करणारा मिळाला म्हणतात.

जोशी आईच्या घरातच राहिला. दर पाडव्याला तो चुलीसमोर पाट मांडतो, समोरचा पाट रिकामा ठेवतो आणि नव्या वर्षाचं पंचांग मोठ्याने वाचतो. पाऊस कसा, पीक कसं, सगळं सावकाश, एकही ओळ न गाळता. रात्री झोपताना राख ओढून विस्तव झाकून ठेवतो. टेकडीवरून कोणी मागायला येईल म्हणून.

तात्पर्य: जगाचा शेवट कधी, हे कोणालाच काढता आलेलं नाही, पण आपल्या माणसाची हाक आली की उठायची वेळ तीच असते, आणि ती तारीख पुढे ढकलता येत नाही.