हात देण्याची रीत

"...आणि आनंदच झाला असेल तर, सिस्टर? मग काय करायचं?"

सिस्टर ब्रिजिट धापा टाकत होती. तिला चॅपलमध्ये प्रार्थनेला पाठवलं होतं. ती थेट मागच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली होती.

व्हरांड्यात सिस्टर अपोलिना लसूण सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. ब्रिजिट पोरवयात मठात आली तेव्हा तिला व्रतांसाठी घडवलं ते यांनीच.

"कसला आनंद, बाय?"

"मला निवडलं! मदर जनरल, सगळ्या संस्थेची प्रमुख! पहिल्याच फेरीत! बिशपनी विचारलं, स्वीकारतेस का? मी म्हटलं, थोडा वेळ द्या."

"रडलीस की नाही?"

"नाही ना! तेच तर सांगायला आले."

आमच्या संस्थेत निवडून आलेल्या सिस्टरनं रडायचं असतं. मी लायक नाही म्हणायचं, डोळे पुसायचे आणि मग हो म्हणायचं. ही रीत कुठं लिहिलेली नाही, पण ती मोडलेली कुणी पाहिलेली नाही.

"मला उड्या माराव्याशा वाटतायत, सिस्टर. हे पाप आहे का? नाही म्हणून टाकू का मी?"

अपोलिनांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मदर होऊन करणार काय तू?"

हे विचारायला नको होतं. बांध फुटला.

"जव्हारला नर्सिंगची शाळा! पाड्यांवरच्या मुली शिकतील आणि आपापल्या पाड्यांवर परत जातील. बाळंतपणाला बायकांना डोलीतून न्यावं लागणार नाही. जागासुद्धा पाहून ठेवलीय मी, विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं! आपलं इथलं जुनं बोर्डिंग बंद करायचं. तिथल्या सिस्टर तिकडे न्यायच्या. याच वर्षी, सिस्टर! याच वर्षी!"

"आणि लिओकादिया?"

...

जुनं बोर्डिंग म्हणजे सिस्टर लिओकादिया. सारं आयुष्य त्यांनी तिथं मुलींच्या वेण्या घालण्यात आणि पाढे घेण्यात घालवलं. कालच सभेत त्या उभ्या राहिल्या होत्या आणि "ही फार घाईची आहे, हिच्या हाती संस्था देऊ नका," असं सगळ्यांदेखत बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

"त्यांना विश्रांती देऊ," ब्रिजिट म्हणाली. "दूर, एखाद्या शांत घरी."

"किती दूर?"

"...बरंच."

अपोलिनांनी मांडीवरची सालं झटकली.

"बैस समोर. तू हो म्हटलंस की पुढं काय होतं?"

"मी खुर्चीवर बसते. एकेक सिस्टर येते, गुडघे टेकते, जोडलेले हात माझ्या हातांत देते आणि आज्ञापालनाचं वचन देते. मला पाठ आहे सगळं."

"पाठ आहे ना? मग धर."

म्हातारीनं हात जोडून पुढं केले. ब्रिजिटनं ते दोन्ही बाजूंनी आपल्या हातांत घेतले. लसणाचा वास आला.

"मी रोझलीन."

रोझलीन ब्रिजिटची जिवाभावाची मैत्रीण. ब्रिजिट हसली. हात अगदी मायेनं धरले गेले.

"छान. आता मी लिओकादिया."

...

"दुखतंय, बाय."

ब्रिजिटनं दचकून खाली पाहिलं. तिच्या पकडीत म्हातारीची बोटं पांढरी पडली होती. तिनं झटकन सोडली.

"मी मुद्दाम नाही केलं..."

"ते मला ठाऊक आहे."

ब्रिजिटचे डोळे भरून आले.

"मग नाहीच म्हणते. मी लायक नाही."

"आलीस का रीतीवर?"

ब्रिजिट उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"नाही! खोटं बोलले मी. मला व्हायचंय मदर! खूप व्हायचंय! आणि त्या समोर आल्या की माझा हात असाच आवळणार, तेही दिसतंय मला. काय करू मी?"

अपोलिनांनी लसणाचा नवा गड्डा उचलला.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. सभेतल्यांत वयानं ज्येष्ठ म्हणून बोलवायला कुणाला पाठवावं, तर लिओकादियांनाच. त्या ताठ उभ्या होत्या.

"चॅपल धुंडाळून आले मी. बिशप थांबलेत. हो की नाही, एवढंच सांगायचंय तुम्हाला."

ब्रिजिटनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग, धीर सुटायच्या आत, ती त्यांच्यापुढं गेली आणि स्वतःचेच हात जोडून तिनं पुढं केले.

लिओकादिया मागं सरल्या.

"हे काय? हे उलटं आहे."

"माहीत आहे."

"माझे हात तुम्ही धरायचे असतात. नियम आहे तसा."

"धरीन ना, तुम्ही द्याल तेव्हा. आधी तुम्ही माझे धरा."

...

लिओकादियांनी अपोलिनांकडे पाहिलं. अपोलिना लसणात गुंतल्या होत्या. तिकडून मदत येण्याचं चिन्ह नव्हतं. मग चुलीवरचं पातेलं फडक्यावाचून उचलावं तसे लिओकादियांनी ते हात घेतले.

"केवढे गरम! ताप आहे का?"

"नाही. आनंद झालाय मला."

"...बोर्डिंग बंद करणार म्हणे तुम्ही."

"हो. करावं असं वाटतं मला."

"मी भांडेन."

"भांडा. कुठंही पाठवत नाही तुम्हाला. इथं माझ्यासमोर बसून भांडा."

लिओकादियांनी हात सोडले नाहीत, उलट नीट धरले.

सभागृहाकडून घंटा वाजली. सगळ्या वाट पाहत होत्या. ब्रिजिटला रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि हात अडकलेले असल्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. तिनं तशीच मान वळवली.

"सिस्टर, सांगा ना लवकर! हो म्हणू?"

अपोलिनांनी मान वर केली नाही.

"मला काय विचारतेस? तुझे हात जिच्या हातांत आहेत, तिला विचार."