ट्यूबवर बसलेली कोंबडी

घरोघरी पांढऱ्या ट्यूब लागायच्या, त्या काळातली ही गोष्ट. ठकूबाईंनी बंद पडलेली एक ट्यूब परसातल्या उकिरड्यावर टाकली. तिथे कवडी नावाची कोंबडी आपल्या सहा पिल्लांना उकरायला शिकवत होती.

"बाई, माझ्यावर कुणाचा पाय पडू देऊ नका," ट्यूब म्हणाली. "माझ्या पोटात थोडा पारा आहे. मी फुटले की त्याची वाफ होईल, उरलेला मातीत मुरेल. तुमची पिल्लं हीच माती टिपतात."

कवडीने पिल्लांना कुंपणाकडे हाकललं आणि स्वतः ट्यूबवर पंख पसरून बसली.

थोड्या वेळाने सोनकी शेळी आली. "सरक, मला केळीची सालं खायचीत."

कवडीने तिच्या नाकावर चोच मारली. शेळी निमूट मागे फिरली.

दुपारी ठकूबाईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. नवी ट्यूब बसवायला आलेल्या वायरमन भिवाजींना त्या म्हणाल्या, "आमची कोंबडी ट्यूबवर खुडूक बसलीय."

भिवाजी हसले नाहीत. "तिचं बरोबर आहे, वहिनी. आत पारा असतो. ट्यूब गेली की न फोडता माझ्याकडे द्यायची. तालुक्याला त्या गोळा करतात आणि पारा वेगळा काढतात."

त्यांनी नव्या ट्यूबचा रिकामा खोका पुढे धरला, तेव्हा कवडी उठली. जुनी ट्यूब अख्खीच्या अख्खी खोक्यात गेली.

संध्याकाळी शेळीने विचारलं, "एवढी बसलीस, बाहेर काय आलं?"

"काही नाही," कवडी म्हणाली. "त्यासाठीच बसले होते."