तात्यांच्या जीपची पाटी

रायाप्पा हा सभापती तात्यांच्या जीपवर ड्रायव्हर. जीपच्या नंबरपाटीला गंज चढला, तेव्हा तात्यांनी हुकूम सोडला की पाटीवर ‘सभापती’ हे ठळक लिहायचं आणि नंबर खाली कोपऱ्यात बारीक. पोलिसांच्या भीतीनं गावातला पेंटर तयार होईना. "मग घरीच रंगव. तुझ्या बायकोचा हात चांगला आहे," तात्या म्हणाले.

रायाप्पा पाटी काढून घरी घेऊन आला. असली पाटी पोलिसांनी धरली तर लायसन त्याचं जाणार, आणि नाही म्हणावं तर नोकरी.

बायको पारूबाईनं ती पुढ्यात ओढली. तिनं काचकागदानं गंज खरवडला, अस्तर दिलं, पांढरा रंग मारला आणि पाटीभर काळाभोर नंबर काढला. बाकी एक अक्षर नाही.

तात्या चार माणसं घेऊन अंगणात आले. "माझं पद कुठंय गं? नुसता नंबर बघून कोण वाट सोडतंय?"

"कुणी नाही सोडत. पण तात्या, बाजाराच्या दिवशी तुमचा थोरला हीच जीप दारूच्या गुत्त्यापुढं लावून आत बसतो. नंबर वाचून लोक म्हणतात, गाडी उभी आहे. पद वाचलं तर म्हणतील, सभापती आत बसलेत."

बरोबरची माणसं जमिनीकडं बघू लागली. ज्या तात्यांपुढं रायाप्पाची मान कधी वर झाली नव्हती, त्यांच्या नजरेला नजर देऊन ही बाई ब्रश पुसत उभी होती.

तात्यांनी दोन पावलं मागं सरून पाटी न्याहाळली.

"नंबरावर अजून एक हात मार," ते हळूच म्हणाले. "लांबून दिसला पाहिजे."