मातीने दिलेली ओ

सीना नदीच्या काठी खडकनेर नावाचे लहानसे गाव. एका वर्षी श्रीनामगीर महाराजांनी आपला चातुर्मास तिथल्या महादेवाच्या देवळात मांडला आणि त्या गावाचे भाग्य उजळले! दुपार कलली की महाराज वीणा गळ्यात घालून उभे राहत. बायका हातातली कामे टाकून कीर्तनाला येत. त्यांच्यात एक खांबाच्या आड बसून ऐके. तिचे नाव मथुरा.

मथुरा ही त्र्यंबकराव जोशांची दुसरेपणाची बायको. पहिली चिमा, लग्नानंतर थोड्याच काळात तापाने गेली. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा टाक देवघरात बसला. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर सोनाराने ठोकलेली बाईची आकृती. सोनाराने चिमेला कधी पाहिले नव्हते. जी कुणी सवाष्ण जाई, तिच्या टाकावर तो तीच एक बाई ठोकी. मथुरेनेही चिमेला पाहिले नव्हते. पण नैवेद्य दाखवताना ती रोज हलकेच हाक मारी, "ताई, जेवायला या." नवे लुगडे आले की आधी टाकापुढे ठेवी, मग आपण नेसे. घासून घासून टाकावरचे नाकडोळे पुसून गेले, पण तिची हाक चुकली नाही.

मथुरेला आईबाप नव्हते. दुसरेपणावर आलेल्या मुलीने पहिलीचे माहेर ते आपले माहेर मानावे, म्हणून ती चिमेच्या वडिलांना, धुंडिराजशास्त्र्यांना, अण्णा म्हणे. त्यांचे घर गल्लीच्या टोकालाच होते. ते वेदान्तात मुरलेले, वादात कुणाला हार न जाणारे. मथुरेने "अण्णा" म्हटले की ऐकून न ऐकल्यासारखे करून पुढे निघून जात. चिमाही त्यांना अण्णाच म्हणायची. त्या हाकेला ओ देणे त्यांनी चिमेबरोबरच संपवले होते.

चारचौघांत मात्र त्यांची जीभ चाले. "मथुरे, आत्मा हा शब्दच पुल्लिंगी गं. तू लुगडे नेसवतेस कुणाला?" ओसरीवरची मंडळी हसत. "जो अमर, तो निराकार. तो काय ताम्हनात मावतो? आणि रोज हाका मारतेस, तुझी ताई ओ तरी देते का?"

मथुरा मान खाली घाली. कधी कधी एकटी असताना तिलाही वाटे, खरेच, आपण हाक मारतो ती कुठे जाते?

भाद्रपदातला पितृपंधरवडा लागला. अविधवा नवमी उद्यावर आली. सवाष्ण गेलेल्या बाईचा हा मानाचा दिवस. म्हणून मथुरा टाक उजळायला घाटावर घेऊन गेली. चिंच लावून घासला, धुवायला पाण्यात धरला, आणि ओल्या बोटांतून तो निसटला. नदीला ओढ होती. ती कमरेइतक्या पाण्यात उतरून चाचपत राहिली. हाती वाळू आली, गोटे आले, टाक आला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, "बुडवलीस ना सवतीला अखेर?"

गावाला एवढे पुरे झाले. इतकी वर्षे माया दाखवली ती वरवरचीच, असे घाटावर बोलले जाऊ लागले. त्र्यंबकराव पाठ फिरवून ओसरीवर जाऊन बसले, आणि तेच तिला जास्त लागले. सासूबाईंनी देवघराला कुलूप घातले. नवमी झाली की हिला हिच्या मामाकडे पोचवून यायचे, असेही ठरवले. मामाच्या घरी ती लहानपणापासूनच नकोशी होती. आता जायचे कुठे?

नवमीला कीर्तन उभे राहिले. मथुरा खांबाआड बसली. शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. महाराज आत्म्याच्या अमरपणावरच बोलत होते. तेवढ्यात शास्त्रीबुवा उठले आणि म्हणाले, हे या बाईला समजावून सांगावे. पत्रा बुडाला तर आत्माच बुडाल्यासारखी ही रडते आहे, आणि गाव म्हणते आहे की हिनेच बुडवला, दोन्हीकडून अज्ञानच.

महाराजांनी वीणा खाली ठेवली. "मुली, टाक निसटला तिथली ओंजळभर माती घेऊन ये."

ती माती घेऊन आली. महाराज म्हणाले, "ताईची मूर्ती कर."

"महाराज, मी त्यांना पाहिलं नाही. कसला आकार देऊ?"

"तू देऊ नकोस. तू नुसती हाक मार. रोज मारतेस तशीच."

मथुरेने डोळे मिटले. हाक निघाली, "ताई, जेवायला या." बोटे मातीत फिरू लागली. आपण काय करतो आहोत हे तिला कळत नव्हते. माती तेवढी हाताखाली उबदार होत गेली, जणू कुणाचा गालच.

"अगंबाई, चिमे!" सासूबाईंच्या तोंडून निघाले.

मथुरेने डोळे उघडले. हातात एक अनोळखी चेहरा होता. हनुवटीला खळी, एक भुवई किंचित वर. आणि ओठ गोल, अर्धे उघडे. तिला वाटले, ओठ आपल्याकडून बिघडले.

शास्त्रीबुवा पुढे आले होते. "बिघडले नाहीत," ते म्हणाले. "ओसरीवरून मी हाक मारली की ती आतून अशीच वळायची. ओ देताना." मग महाराजांकडे वळून म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता, महाराज. बापाला पोरीचा चेहरा आठवू नये! ती लाज झाकायला मी निराकार निराकार म्हणत राहिलो."

सासूबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि मथुरेच्या पदरात टाकली. त्र्यंबकरावांनी डोळे पुसले.

शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. तसेच राहून त्यांनी विचारले, "मग आत्म्याला आकार असतो?"

"नाही, शास्त्रीबुवा. तुम्ही सांगत होता तेच खरे," महाराज म्हणाले. "पण ज्याला आकार नाही, त्याला आकाराचा विटाळही नाही. मायेची हाक आली की तो हाताशी असेल त्यातून ओ देतो. आज माती होती." ते हसले. "त्याला एवढे जमते. आपण तर देहात बसलेले. आपल्याला तोंड आहे."

शास्त्रीबुवांनी वर पाहिले.

त्या दिवशी जोशांच्या देवघरात मातीच्या चिमेपुढे नैवेद्य वाढला गेला, आणि सायंकाळी मथुरेने ती मूर्ती नदीलाच परत दिली. घाटाच्या वरच्या पायरीवर शास्त्रीबुवा उभे होते. ओले हात पदराला पुसत ती वर आली. रोजच्या सवयीने, उत्तराची आशा न धरता ती म्हणाली, "अण्णा, घरी जेवायला चला."

"ओ, बाळ," शास्त्रीबुवा म्हणाले. "आलो."