विरजण

"...मग आज सांगूनच टाका, आप्पा. तुमचा घाट मोठा, का माझा डोंगर?"

रेवणने हे विचारलं तेव्हा बाळाप्पा काचारी भट्टीसमोर बसून बिडी शोधत होते. बिडी कानावरच होती.

आप्पा म्हणजे कृष्णाकाठी भट्टी लावून काचेत गोष्टी सांगणारा म्हातारा. त्यांचा घाट पंचक्रोशीत गाजलेला. काचेच्या पायऱ्या, काचेचं देऊळ, चढत आलेलं पाणी, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर नावाडी. होडी सोडावी की नाही, या विचारात बसलेला.

रेवण त्यांचा शिष्य, सोलापुरातून शिकायला आलेला. त्याने डोंगर केला होता. पायथ्याशी वाडी, माथ्यावर देऊळ, आणि वळणावर मागे वळून बघणारी, सासरी निघालेली पोर. पोर तांदळाएवढी, पण तिने रडू आवरलेलं दिसायचं. डोंगर खरोखरच देखणा होता. पोरगं उगीच फुगलं नव्हतं.

त्या दुपारी शहरातल्या संग्रहालयाची माणसं येणार होती. या भट्टीतली एकच वस्तू नेणार होती.

"दोन्ही शेजारी ठेवू," रेवण म्हणाला. "ज्याला डोळे आहेत त्याला कळेल."

"ठेव की."

"मग... कपाट उघडू?"

"तुला कुणी अडवलंय?"

घाट कोपऱ्यातल्या शिसवी कपाटात असतो, असं सगळेच धरून चालत. कपाटाला कुलूप नव्हतं. पण आप्पा ते उघडत नाहीत, तर आपण कसं उघडायचं? म्हणून कुणीच उघडत नसे. येणारेजाणारे बाहेरूनच हात जोडत. खंडेनवमीला रेवण स्वतः त्याला झेंडूची माळ घालायचा, आणि मनात म्हणायचा, एक दिवस तुला मागे टाकीन.

त्याने डोंगर ओट्यावर ठेवला आणि कपाटाचं दार ओढलं.

आत काहीच नव्हतं. कोळ्याने जाळं विणलं होतं, तेवढंच.

रेवणने वाकून आत पाहिलं. इतकी वर्षं झेंडू वाहिला तो रिकाम्या फळीला.

"आप्पा... घाट कुठाय?"

आप्पांनी बोट केलं. बोट ओट्यावरच्या डोंगराकडे होतं.

"चेष्टा करू नका."

"तू आलास तवाची गोष्ट. तुझी काच गढूळ यायची. आठवतंय?"

आठवत होतं. प्रत्येक घाण्याला बुडबुडे, भाताच्या पेजेसारखी काच. कंटाळून त्याने ट्रंक भरली होती. आणि जायच्या दिवशी सकाळी काच अशी उतरली, की पाण्याने लाजावं. आपला हात बसला म्हणून रेवणने आळीभर पेढे वाटले होते.

"दह्याला विरजण लागतं, काचेला जुनी काच," आप्पा म्हणाले. "नुसती वाळू लौकर वितळत न्हाई. बाजारच्या बाटल्या घातल्या तर हिरवी पडायची. घरात निर्मळ काच एकच हुती."

"म्हणून तुम्ही घाट...?"

"पहाटं घातला. तू झोपला हुतास."

रेवणला पुढचं कुणी सांगायला नको होतं. तेव्हापासून प्रत्येक घाण्यातली उरलेली काच पुढच्या घाण्यात पडत आली होती. या भट्टीची तशी रीतच होती, आणि ती काच रोज तो स्वतःच्या हाताने घालत होता.

तो मटकन खाली बसला. त्याला राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

"मला विचारायचं तरी. मी गेलो असतो तर गेलो असतो. माझ्यासारखे छप्पन्न येतील. घाट तर राहिला असता."

आप्पांनी बिडीसाठी खिसे चाचपले.

"तुम्हाला... काहीच वाटलं नाही?"

भट्टीत काहीतरी तडकलं. आप्पांनी तिकडे बघितलं.

"वाटलं की," ते म्हणाले. "नावाडी सगळ्यात शेवटी वितळला."

बाहेर जीप थांबली. संग्रहालयाची माणसं आली होती. कुणीतरी अंगणातून नमस्कार केला आणि चपला काढायला लागलं.

रेवण उठला. त्याने डोंगर दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर तो दाराकडे तोंड करून उभा राहिला... मग वळला. हाताने जाळं पुसून डोंगर कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं.

"किती दिवस ठेवायचा, आप्पा?"

आप्पांना कानावरची बिडी सापडली.

"माझा घाट तू येस्तोवर ऱ्हायला."