होडीतली पंगत

विसाजी खोतांच्या शब्दापुढे गावात कुणी शब्द काढत नसे. पण खाडीत वारा उलटला आणि होडी कलंडू लागली, तसे तेच खोत शेजारच्या जुलेखाबी काकणवालीच्या टोपलीला घट्ट धरून ओरडले, “देवा, काठाला लाव! तुझ्या नावानं अख्ख्या होडीला जेवू घालीन!”

होडी काठाला लागली. खोतांचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्याच दिवशी देवळापुढे पंगत बसली. जुलेखाबीही येऊन पानावर बसली, तसे खोत चपापले.

“अगं, नवस मी देवाला बोललो होतो. देव म्हणजे आमचाच की! तू इथं कशी?”

जुलेखाबी जागची हलली नाही. “खोतसाहेब, तुमच्याच देवानं तारलं असेल, तर त्याचे उपकार माझ्यावर जास्त. मी तर अल्लाला हाका मारत होते. तरी तुमच्या देवानं मला होडीतून उतरवलं नाही. आणि तुम्ही त्याच्या पंगतीतून उठवताय?”

खोतांनी देवळाकडे पाहून हात जोडले आणि वाढप्यांना हाक दिली, “पानं पुन्हा मांडा रे! होडीत बसलो होतो, तसेच बसू.”

जुलेखाबीचं पान खोतांच्या शेजारी आलं.