राक्षसाच्या मोहरा

एका डोंगरातल्या गुहेत एक राक्षस राहायचा आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. राक्षसाकडे सोन्याच्या मोहरांचा ढीग होता. तो त्या खर्च करत नसे, नुसता त्यांच्यावर झोपायचा. गावात मात्र तांब्याचा पैसा चालायचा आणि एका पैशात पोटभर जेवण मिळायचं.

मानाजी नावाचा एक फिरस्ता तलवारबाज तिथे आला. त्याने राक्षसाला मारलं, मोहरा पोत्यांत भरल्या, खेचरांवर लादल्या आणि तो गावात उतरला. सगुणामावशीच्या खाणावळीत जेवून त्याने तिच्या हातावर एक मोहोर ठेवली.

मावशी घाबरलीच. "अरे बाबा, याचे सुटे कुठून आणू? अख्ख्या गावात एवढे पैसे नाहीत!"

"राहू दे मावशी, सगळं तुम्हालाच," मानाजी हसून म्हणाला.

त्याला गाव आवडलं. तो तिथेच राहिला. मडकं घेतलं की कुंभाराला मोहोर, जोडे शिवले की चांभाराला मोहोर, नुसता राम राम केला तरी मोहोर. घरोघरी सोनं झालं. आपण सगळ्यांचं भलं केलं, असं त्याला वाटलं.

पण काहीतरी विचित्रच घडू लागलं. कुंभाराने चाक बंद केलं. मोहरवाले खाणावळीच्या ओट्यावर बसू लागले आणि ज्यांच्याकडे तांबंच होतं त्यांना खाली अंगणात बसवू लागले. कालपर्यंत हीच माणसं मांडीला मांडी लावून जेवत होती. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मानाजीला कळेना.

गवताचे भारे विकणारा सटवाजीबाबा एक दिवस अंगणातून उपाशीच उठला.

"बाबा, जेवला नाहीत?" मानाजीने विचारलं.

"भाकरीला आता मोहोर पडते म्हणे. माझ्याकडे तांब्याचा पैसाच आहे."

मानाजीला वाईट वाटलं. त्याने बाबाला एक मोहोर दिली आणि अंगणातल्या बाकीच्यांनाही दिली. दुसऱ्या दिवशी भाकरी दोन मोहरांना झाली. त्याने पुन्हा वाटल्या. भाकरी चार मोहरांवर गेली. सटवाजीबाबा पुन्हा अंगणात, पुन्हा उपाशी.

मानाजी चक्रावला. राक्षसाशी लढताना निदान समोर कोण आहे ते दिसत होतं!

तो तडक स्वयंपाकघरात गेला. "मावशी, मी एवढं सोनं दिलं, तरी माणसं उपाशी कशी? तुम्ही भाव का वाढवता?"

मावशीने पिठाचा डबा त्याच्यापुढे उपडा केला. मूठभर पीठ पडलं.

"एवढंच उरलंय. मागणारे शंभर. भाव मी कशाला वाढवू, तेच एकमेकांशी चढाओढ करतात."

"मग पीठ आणा ना!"

"कुठून? ज्वारी शेतात उभी आहे. पाखरं खातायत. कापायला कोण जातंय? सगळे मोहरवाले झालेत."

मानाजीला खेचरांवर पोती लादून दुसऱ्या गावी निघून जाणं सोपं होतं. तिथे नव्याने राम राम झाले असते. पण तो बाहेर आला आणि सटवाजीबाबाला म्हणाला, "बाबा, मला विळा धरायला शिकवाल?"

दोघं शेतात गेले. मानाजीने पहिल्याच फटक्यात बोट कापून घेतलं. ओट्यावरचे मोहरवाले पोट धरून हसले. पण पोट रिकामं होतं, म्हणून हसू फार टिकलं नाही. आधी चांभार आला, मग कुंभाराची बायको, आणि शेवटी तणतणत कुंभारही आला.

कापणी झाली, मळणी झाली, जातं फिरलं. मावशीने अंगणातच पानं मांडली, कारण एवढी माणसं ओट्यावर मावणारच नव्हती. कुंभार मोहोर दाखवत म्हणाला, "मला वर वाढ."

"वर कुणीच नाही. एकटाच बसणार आहेस का?" मावशीने विचारलं. तो मुकाट्याने सटवाजीबाबाच्या शेजारी बसला.

मानाजीचा गोंधळ काही मिटला नव्हता. त्याने बाबाला हळूच विचारलं, "मग या सोन्याचं करायचं तरी काय?"

बाबा म्हणाला, "मलाही माहीत नाही. आधी जेव."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: घरोघरी सोनं वाटलं म्हणून भाकरी वाढत नाही आणि माणूसही मोठा होत नाही, शेतात हात लागले तरच सगळ्यांच्या पानात काही पडतं.